कमरेखाली झोप, वर जाग

१६ ऑगस्ट १८९८. जर्मनीतल्या कील शहरात ३४ वर्षांचा एक मजूर ऑपरेशनच्या टेबलावर होता. त्याच्या घोट्याच्या सांध्याला क्षय झाला होता. क्षय म्हटलं की आपल्याला फुप्फुसं आठवतात, पण तो हाडांत आणि सांध्यांतही घर करतो. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. खराब झालेला भाग कापून काढायचा, एवढंच हातात होतं. या माणसाला आधीच्या ऑपरेशनांत पूर्ण भुलीचा फार त्रास झाला होता. म्हणून सर्जन ऑगस्ट बिअर यांनी त्याच्या कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घातली आणि कोकेनचं द्रावण आत सोडलं. मग घोट्यावर ऑपरेशन झालं. माणूस जागा होता आणि त्याला दुखलं नाही. नंतर डोकं दुखलं, उलट्या झाल्या, तो भाग वेगळा.

ठरवून मणक्यात भूल देऊन केलेलं हे पहिलं ऑपरेशन मानलं जातं. पण हे वाचताना मी अडखळलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. ते ऑपरेशन सांध्याचं होतं.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, कोड लिहून पोट भरतो, आणि माझा उजवा खुबा टायटॅनियम आणि सिरॅमिकचा आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला की ते हाड आतून मरतं आणि हळूहळू खचतं. माझं तसं झालं. सांधा बदलायचा ठरला तेव्हा भूलतज्ज्ञांनी विचारलं, "पूर्ण झोपायचंय की कमरेत इंजेक्शन घ्यायचंय?" मी कमरेतलं म्हणालो. घरी आई म्हणाली, "कमरेत सुई नको रे बाबा. जन्माची पाठ धरते." ही भीती तुमच्याही घरात असेल. ती कुठून आली हे शोधायला मी बसलो आणि थेट कीलला पोहोचलो.

बिअर यांच्या हाती दोन गोष्टी आयत्या आल्या होत्या. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं होतं. आणि १८९१ मध्ये कीलमध्येच हाइनरिश क्विंके यांनी कमरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढण्याची पद्धत मांडली होती. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्या खाली पाण्याच्या पिशवीत फक्त नसांचे धागे तरंगत असतात, त्यामुळे तिथे सुई घातली तरी मज्जारज्जूला धक्का लागत नाही. बिअर यांनी क्विंकेंची वाट वापरून कोलरचं औषध आत पोहोचवलं.

त्या पहिल्या काही रुग्णांपैकी बऱ्याच जणांना डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. हे नेमकं कशाने होतं ते कळावं म्हणून २४ ऑगस्टला बिअर स्वतः टेबलावर आडवे झाले. त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी सुई घातली, पण सिरिंज सुईला नीट बसेना. कोकेन वाया गेलं आणि बिअर यांच्या पाठीतलं पाणी मात्र बरंच वाहून गेलं. मग हिल्डेब्रांट आडवे झाले, आणि या वेळी जमलं. पुढची पाऊण तास बिअर यांनी सहायकाच्या पायांना सुया टोचल्या, जळती सिगार लावली, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. हिल्डेब्रांट यांना दुखलं नाही. संध्याकाळी दोघांनी वाइन पिऊन, सिगार ओढून आनंद साजरा केला.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी त्याची किंमत मोजली. हिल्डेब्रांट यांना उलट्या, डोकेदुखी आणि नडगीवर काळेनिळे डाग. बिअर उभे राहिले की डोकं फुटायचं, आडवे झाले की थांबायचं. नऊ दिवस ते असेच होते. आज याचं कारण माहीत आहे: सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहतं आणि मेंदूचा आधार कमी होतो. म्हणून पुढे सुया बारीक होत गेल्या. १९५१ मध्ये तर पेन्सिलीसारख्या टोकाची सुई आली. ती पडदा कापण्याऐवजी त्याचे धागे बाजूला सारत आत जाते.

मला मात्र एक गोष्ट खटकत राहते. आपल्या धंद्यात नवीन कोड आधी स्वतःच्या मशीनवर चालवतात, मग लोकांपुढे ठेवतात. इथे मजूर आधी आणि डॉक्टर नंतर. हिल्डेब्रांटचं नाव इतिहासात राहिलं, त्या मजुराचं नाही.

आईच्या भीतीचं मूळ मला पुढे सापडलं. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डच्या रुग्णालयात एकाच दिवशी दोन रुग्णांना कमरेत भूल दिली गेली आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. खटला झाला. कोर्टाने मानलं की औषधाच्या काचेच्या कुप्या जंतुनाशक फिनॉलमध्ये ठेवल्या होत्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत झिरपलं. हा धोका तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून डॉक्टर दोषी ठरले नाहीत. १९५४ मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं. ब्रिटनमध्ये या भुलीवरचा विश्वास मात्र उडाला. त्याच १९५४ मध्ये अमेरिकेत ड्रिप्स आणि वँडम यांनी कमरेत दिलेल्या १०,०९८ भुलींचा पाठपुरावा छापला: मोठी, कायमची इजा एकातही आढळली नाही. भीती जगभर पोहोचली, हा आकडा तितका पोहोचला नाही.

दरम्यान सांध्यांची गोष्ट वेगळ्या रस्त्याने चालली होती. १८९० मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने गेलेल्या गुडघ्याच्या जागी हस्तिदंताचा सांधा बसवला. जंतुसंसर्गामुळे असे सांधे टिकले नाहीत. टिकणारा खुबा १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या रायटिंग्टनला जॉन चार्नली यांनी बसवला: धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी. आधी टेफ्लॉनच्या वाट्या झिजल्या होत्या. म्हणून या माणसाने टेफ्लॉन आणि पॉलिथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून बघितले.

माझ्या ऑपरेशनच्या दिवशी झोपेचं औषध अगदी थोडं द्या, अशी विनंती मी केली होती. इंजेक्शननंतर आधी पाय गरम झाले, मग जड, मग परके. थंड स्पिरिटचा बोळा मांडीवर फिरवून विचारलं, "गार लागतंय?" लागत नव्हतं. स्पर्श मात्र अजून पुसट कळत होता. नस एकदम बंद होत नाही. दुखणं आणि गार-गरम वाहणारे बारीक धागे आधी थांबतात, जाड धागे नंतर. मग हिरव्या पडद्यापलीकडे करवत चालली. अंग हललं, ओढ जाणवली, दुखलं नाही. हातोडी सुरू झाली तेव्हा लक्षात आलं की ठोक्यांचा आवाज बदलतोय. दांडा हाडात घट्ट बसत गेला तसा तो चढत गेला. सर्जनही तोच आवाज ऐकत होते. मला हिल्डेब्रांटची नडगी आठवली आणि, कबूल करतो, घाम फुटला. भूलतज्ज्ञ उशाशी बसून माझ्याशी बोलत राहिल्या. त्या मजुराशी कुणी बोलत होतं का, कोण जाणे.

कमरेतलंच इंजेक्शन घ्या, असा सल्ला मी कुणाला देणार नाही. २०२१ मध्ये खुब्याजवळचं हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. साठ दिवसांनी जिवंत असणं आणि चालता येणं, या हिशेबात दोन्ही प्रकारच्या भुली जवळपास सारख्याच ठरल्या. म्हणजे बऱ्याचदा निवड आपली असते, आणि ती विचारली जाते हेच मला मोठं वाटतं.

आईचे गुडघे या पावसाळ्यापासून कुरकुरताहेत. परवा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "ती हातोडी चालू असताना कानात गाणी लावू देतात का रे?"

"विचारून ठेवू," मी म्हटलं.