माळरानाचा निवाडा

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ ही नावे अलीकडेपर्यंत परिसराबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. २०२४ च्या जानेवारीत वनखात्याने तेथे गवताळ माळांची सफारी सुरू केली आणि लांडगा, तरस, खोकड व चिंकारा पाहण्यासाठी शहरातील पाहुणे येऊ लागले. मुक्या जिवाच्या संसारात डोकावण्याचा आपल्याला काय अधिकार, असे काहीजण विचारतात. पाहिल्यावाचून माया कशी जडेल, असे दुसरे विचारतात. पण त्याआधीचा प्रश्न असा, की या माळाचा निवाडा करावयाचा कुणी?

हा प्रश्न येथे जुनाच आहे. इंग्रजी अमदानीतील पहिल्या पाहणीचा सारा जबर ठरल्यामुळे इंदापूरची शेते ओस पडली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ साली तेथे नवी जमाबंदी केली. मातीचा कस पाहून त्यांनी तीस वर्षांसाठी हलका सारा ठरविला. शेतकऱ्याला त्याने दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या जमिनीतून सारा येत नाही ती 'पडीक', ही दृष्टीही त्याच दप्तराने रूढ केली. मेंढ्यांचे चराऊ रान आणि चिंकाऱ्याचे घर त्या एका शब्दात गडप झाले.

लांडग्याचा निवाडाही असाच परस्पर झाला. तो उपद्रवी ठरला आणि त्याला मारणाऱ्यास सरकार इनाम देऊ लागले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात अशा रीतीने सुमारे २ लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच लांडग्याला पूर्ण संरक्षण दिले. १९९७ साली सुप्याजवळ, चिंकाऱ्यासाठी, मयूरेश्वर अभयारण्य झाले. कालचा गुन्हेगार आज पाहुण्यांचे आकर्षण ठरला. निवाडा फिरला, निवाडा करणारे मात्र बाहेरचेच राहिले.

मेंढपाळ आणि लांडगा ही जोडी आपण लहानपणापासून वैऱ्यांची म्हणूनच ऐकत आलो आहोत. या माळांवर तिचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. कळपातले एखादे कोकरू गेले तर तो लांडग्याचा वाटा, असे मानणारे जुने धनगर येथे आढळतात. ही उदारता फुकटची नव्हे. तिची किंमत त्यांनी स्वतःच्या कळपातून मोजलेली आहे.

सफारीच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ठरलेली वाट, आगाऊ नोंदणी आणि सोबत गावातला प्रशिक्षित वाटाड्या, ही व्यवस्था लांडग्यामागे माळभर मोटारी पिटाळण्यापेक्षा निश्चितच बरी. गावच्या तरुणाच्या हाती चार पैसे येतात आणि 'पडीक' माळाला मोल येते. पण हिवाळा हा पाहुण्यांचा हंगाम, आणि लांडगीची पिल्ले बिळात असतात तीही याच दिवसांत. दिवाळीनंतर अनेक धनगर कुटुंबे मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे पाहुणे माळावर असतात तेव्हा माळाचा जुना जाणकार नेमका दूर असतो. गावच्या बैठकीत त्याची जागा रिकामीच राहते.

तीस वर्षांची मुदत सरल्यावर इंदापुरापासून सारा पुन्हा चढविला गेला. त्यात सावकारी कर्जाची भर पडली आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. ज्यांना कुणी विचारीत नाही, ते एक दिवस आपला निवाडा आपणच करतात. नुकसानभरपाईसाठी हेलपाटे घालून थकलेल्या मेंढपाळाने उद्या विषारी मांस टाकले, तर कोणतीही सफारी लांडग्याला वाचवू शकणार नाही.

म्हणून सफारी बरी की वाईट, हे पाहुण्याने आणि अधिकाऱ्याने दोघांतच ठरवू नये. ज्याचे कोकरू जाते त्याचा शब्द पहिला असावा. तो एकमेव नसावा, कारण लांडगीला बोलता येत नाही आणि तिच्या बिळाची बाजूही कुणीतरी मांडलीच पाहिजे. मात्र बैठक भरवायची ती मेंढरे माळावर परतल्यानंतर.