मॅरेथॉनच्या आधीची धाव : अथेन्स ते स्पार्टा



'मॅरेथॉन' हा शब्द आता आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जानेवारीत मुंबईत ती होते, साताऱ्याला घाटातली अर्धमॅरेथॉन होते. तिच्यामागची गोष्टही बहुतेकांच्या कानावर असते. मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या लोकांनी इराणच्या फौजेला हरवलं, एक जण ती बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावला, 'आपण जिंकलो' एवढं म्हणाला आणि कोसळला.

आज आपल्याला बोलायचं आहे ते एका वेगळ्या धावेबद्दल. त्याच युद्धासाठी, त्या लढाईच्या काही दिवस आधी, एक माणूस अथेन्सहून उलट्या दिशेला धावला होता. अंतर मॅरेथॉनच्या जवळजवळ सहापट. वाट डोंगराची. आणि हा माणूस विजय सांगायला निघाला नव्हता, मदत मागायला निघाला होता. जगाने विजयाची धाव डोक्यावर घेतली आणि मदतीची धाव बाजूला पडली. असं का झालं, हे आपण आज बघू.

साल इ.स.पू. ४९०. इराणी आरमाराने एजियन समुद्र ओलांडून आधी इरेट्रिया हे शहर उद्ध्वस्त केलं आणि मग मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर फौज उतरवली. अथेन्सच्या सेनापतींनी स्वतः शहर सोडण्यापूर्वी स्पार्टाकडे एक निरोप्या पाठवला. हे सांगतो हिरोडोटस. त्याचा जन्म लढाईनंतर काही वर्षांनी झालेला, म्हणजे लढाई पाहिलेली माणसं त्याच्या काळात अजून हयात होती. निरोप्याचं नाव काही हस्तलिखितांत फिलिप्पिडीस आहे, काहींत फिडिपिडीस. आपण फिलिप्पिडीस म्हणू. त्याचा पेशा होता हेमेरोड्रोमोस, म्हणजे दिवसभर धावणारा. पेशवाईत जासूद असत ना, साधारण तसाच हा माणूस. धावणं ही त्याची नोकरी होती. हा अथेन्सहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी स्पार्टात पोचला, असं हिरोडोटस लिहितो. अंतर सुमारे २४६ किलोमीटर.

आता ही वाट जरा नकाशावर पाहू. अथेन्सहून पश्चिमेला निघालं की एल्युसिस आणि मेगारापर्यंत समुद्राची साथ असते. पुढे कड्यांच्या पोटातून, एका बाजूला पाणी ठेवून, वाट कॉरिंथच्या संयोगभूमीवर येते. आज तिथे कालवा आहे, पण तो १८९३ सालचा. फिलिप्पिडीसने तिथली जमीन कोरड्या पायांनी ओलांडली. इथून पेलोपोनीज सुरू होतं आणि चढही सुरू होतो. नेमिआच्या दरीतून, ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या मुलखातून वर चढत आपण आर्केडियाच्या उंबरठ्याशी येतो. समोर डोंगराची भिंत. ती पार केली की टेगिआचं पठार लागतं, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवरचं. तिथून दक्षिणेला उतरत उतरत एव्रोटास नदीच्या खोऱ्यात स्पार्टा.

सोपी वाट आर्गोस शहराच्या सपाट मुलखातून जाऊ शकली असती. पण इ.स.पू. ४९४ च्या सुमारास स्पार्टाने आर्गोसचा सेपिआच्या लढाईत भयंकर पराभव केला होता. हिरोडोटस सहा हजार मृतांचा आकडा देतो. अशा शहराच्या वेशीवरून स्पार्टाकडे जाणारा निरोप्या धावत जाईल का? हिरोडोटसने टप्प्यांची यादी दिलेली नाही. वाटेतली एकच जागा तो सांगतो : टेगिआच्या वरचा पार्थेनिओन डोंगर. टेगिआ स्पार्टाचं मित्र होतं. त्यामुळे आर्गोस टाळून डोंगराच्या अंगाने तो गेला असावा, हा अभ्यासकांचा तर्क सयुक्तिक वाटतो. डोंगरातली वाट नेहमी जमिनीचा चढउतार बघूनच ठरते असं नाही. शेजाऱ्यांशी तुमचं कसं आहे, यावरही ती ठरते.

या पार्थेनिओनवर एक प्रसंग घडला. तिथे पॅन देवाने आपल्याला नावाने हाक मारली, असं फिलिप्पिडीसने परत आल्यावर सांगितलं. पॅन हा आर्केडियाचा देव. शेळ्यामेंढ्यांचा, धनगरांचा, बकऱ्याच्या पायांचा. त्याची तक्रार अशी होती की, मी अथेन्सचं भलं चिंततो, अनेकदा तुमच्या उपयोगी पडलो, पुढेही पडेन, मग तुम्ही माझी दखल का घेत नाही?

यावर आजचा श्रोता लगेच म्हणेल, थकव्यामुळे भास झाला असेल. शक्य आहे. रात्रभर धावणाऱ्यांना असे भास होतात, हे आजचे धावपटूही सांगतात. पण आम्हा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना इथे दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो : शहराने त्या हाकेचं काय केलं? अथेन्सने ती खरी मानली. युद्ध निभावल्यावर अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याच्या गुहेत पॅनचं ठाणं झालं, दरवर्षी बळी आणि मशालींची दौड सुरू झाली. अ‍ॅटिकातल्या इतर गुहांमध्ये पॅनच्या पूजेच्या खुणा सापडतात, त्याही याच काळापासून पुढच्या. एका धावणाऱ्याच्या पायांनी डोंगरातल्या धनगरांचा देव महानगरात आला. सहा शतकांनंतर पॉसेनिअस हा प्रवासी या वाटेने गेला, तेव्हा त्याला त्या जागी पॅनचं देऊळ दाखवण्यात आलं. तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. या डोंगरावरच्या कासवांच्या पाठी वीणेसारखं वाद्य करायला उत्तम, पण ती पॅनची म्हणून गावकरी त्यांना धरत नाहीत आणि परक्यांनाही धरू देत नाहीत. वाटेची आठवण गावाने अशी सांभाळली होती.

आता स्पार्टात काय झालं? फिलिप्पिडीसने निरोप सांगितला : इरेट्रिया पडलं, आता अथेन्स गुलामीत जाऊ देऊ नका. स्पार्टाचे लोक मदतीला तयार होते, पण लगेच निघायला तयार नव्हते. महिन्याचा नववा दिवस होता आणि पौर्णिमेपूर्वी फौज बाहेर काढणं त्यांच्या रिवाजात बसत नव्हतं. यामागे कार्निआ हा त्यांचा उत्सव असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. प्लेटो मात्र 'लॉज'मध्ये वेगळं कारण सुचवतो : स्पार्टा त्या वेळी मेसेनियाशी लढण्यात गुंतलं होतं.

यावर आपल्या अभ्यासवर्गांत नेहमी दोन तट पडतात. एक म्हणतो, धर्माचं निमित्त करून टाळाटाळ केली. दुसरा म्हणतो, स्पार्टा खरोखरच धर्मभीरू होतं. आपल्याला निवाडा देण्याची घाई नाही. पण पुढचं बघा. पौर्णिमा झाल्याबरोबर दोन हजार स्पार्टन निघाले आणि तिसऱ्या दिवशी अ‍ॅटिकात पोचले. इतकं अंतर एवढ्या वेळात, फौजेने! ज्याला टाळायचंच असतं तो असा धावत येत नाही. ते पोचले तेव्हा लढाई संपली होती. त्यांनी रणभूमी पाहिली, अथेन्सकरांचं कौतुक केलं आणि परत गेले. दहा वर्षांनी, इ.स.पू. ४८० मध्ये, पुन्हा इराणी आले आणि पुन्हा कार्निआ आडवा आला. या वेळी स्पार्टाने उत्सवही पाळला आणि लिओनिडास राजाबरोबर तीनशे जण थर्मोपिलीला आधी रवानाही केले. नियम आणि निकड यांच्यात मधली वाट असते, ती शोधावी लागते, एवढं तरी यातून दिसतं.

मग ती प्रसिद्ध मॅरेथॉनची धाव? हिरोडोटस तिचा उल्लेखही करत नाही. ती आपल्याला भेटते प्लुटार्ककडे, लढाईनंतर सुमारे सहाशे वर्षांनी, आणि तिथे धावणाऱ्याची नावं वेगळी आहेत, थर्सिप्पस किंवा युक्लीस. ती धाव फिलिप्पिडीसच्या नावावर चढते लुशिअनकडे, इ.स.च्या दुसऱ्या शतकात. पुढे १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने दोन्ही धावा एका कवितेत गुंफल्या. नंतर मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने ऑलिंपिकसाठी मॅरेथॉनच्या शर्यतीची कल्पना मांडली आणि १८९६ मध्ये अथेन्सला स्पिरिडॉन लुईस ती जिंकला. राष्ट्रांना, ऑलिंपिकला, शहरांना विजयाची गोष्ट हवी असते. 'आम्ही मदत मागायला गेलो आणि ती वेळेवर मिळाली नाही' यावर कुणी उत्सव बसवत नाही.

पण ही वाट अगदीच पुसली गेली नाही. १९८२ मध्ये ब्रिटिश हवाईदलातल्या जॉन फोडन यांना हिरोडोटस वाचताना प्रश्न पडला : दुसऱ्या दिवशी पोचणं माणसाला शक्य आहे का? ग्रंथालयात बसून याचं उत्तर मिळण्यासारखं नव्हतं. पाच जण अथेन्सहून निघाले आणि तिघे स्पार्टाला पोचले. फोडन यांना साधारण साडेसदतीस तास लागले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, स्पार्टाथ्लॉन ही शर्यत सुरू झाली आणि पहिलीच शर्यत यानिस कूरोस या ग्रीक धावपटूने २२ तासांच्या आत पुरी केली. हिरोडोटसचा एक दिवस आणि एक रात्र शरीराने सिद्ध झाली. आजही ही शर्यत सप्टेंबरच्या शेवटी होते. मुदत ३६ तासांची. रस्ता बराचसा डांबरी, पण शंभर मैलांच्या आसपास, रात्रीच्या अंधारात, धावपटू निसरड्या दगडधोंड्यांवरून सुमारे १२०० मीटर उंचीची एक खिंड चढतात. ही खिंड हिरोडोटसच्या पार्थेनिओनपासून थोडी उत्तरेकडे, आर्टेमिसिओच्या रांगेत आहे. शर्यत संपते स्पार्टात लिओनिडासच्या पुतळ्याच्या पायाशी. पायांना हात लावायचा, की धाव पूर्ण. मग एव्रोटासचं पाणी आणि ऑलिव्हच्या फांद्यांचा मुकुट. बक्षिसाची रक्कम नाही.

आता धावपटू बाजूला ठेवून वाटेकडे बघू. पेलोपोनीजच्या डोंगरात वाटांचे थर आहेत. सर्वांत खाली प्राचीन गाडीरस्ते. यानिस पिकूलास या संशोधकाने खडकात कोरलेल्या चाकांच्या चाकोऱ्या डोंगरोडोंगरी फिरून नोंदवल्या. दोन चाकोऱ्यांमधलं अंतर ठिकठिकाणी साधारण १.४० मीटरच भरतं. एकमेकांशी लढणाऱ्या नगरांच्या गाड्यांचं माप एक होतं! आपण 'चाकोरी' हा शब्द कंटाळवाण्या आयुष्यासाठी वापरतो. तिथे तिने भांडणाऱ्या गावांना जोडून ठेवलं होतं. त्यावरचा थर खेचरांसाठी बांधलेल्या फरसबंद वाटांचा. त्यांना ग्रीक लोक काल्देरिमी म्हणतात, शब्द तुर्कीतून आलेला. त्यांवरून पाद्री, व्यापारी, धनगर गेले.

मग वाटा ओस पडल्या. १८९३ मध्ये बेदाण्याचा भाव कोसळला आणि पेलोपोनीजमधली हजारो माणसं अमेरिकेला गेली. पुढे युद्धं आली, शहरं आली, मोटारी आल्या. पायवाटेचं एक असतं : ती वापराने टिकते. दहा पावसाळे कुणी गेलं नाही की काटेरी झुडपं तिचा ताबा घेतात. अलीकडे आर्केडियातल्या लोकांनी स्टेमनित्सा ते लांगाडिया अशी सुमारे ७५ किलोमीटरची मेनालोनची वाट साफ केली, खुणा लावल्या. २०१५ मध्ये तिला युरोपीय पदभ्रमण संघाचं मानांकन मिळालं, ग्रीसमध्ये पहिल्यांदाच. आता तिथे चालणारे येतात, धावणारे येतात, आणि त्यांच्यासाठी गावातला एखादा खानावळीवाला दार उघडं ठेवतो.

पॅनची तक्रार आठवा : मी तुमच्या उपयोगी पडतो, तुम्ही माझी दखल का घेत नाही? ही देवाची तक्रार आहे, तशीच ती डोंगराचीही आहे. संकटात शहराचा निरोप डोंगरानेच पलीकडे पोचवला. अथेन्सने निदान एक गुहा देऊन ते ऋण मानलं. मॅरेथॉनला आपण विजयाची धाव म्हणून डोक्यावर घेतलं, ते घेऊ द्या. पण मदत मागायला गेलेल्या माणसाची वाटही चालती ठेवायला हवी. संकटात पुन्हा कुणाला तरी पलीकडे जावं लागेल, आणि तेव्हा ती बुजलेली असून चालणार नाही.