‘जैसे थे’ करार आणि न छापलेला अहवाल

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाइनची फाळणी करून ज्यू आणि अरब अशी दोन राज्ये करण्याचा ठराव मंजूर केला. त्याच दिवशी हैदराबादच्या निजामाने भारत सरकारशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता आणि पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे भारत लागत असे. दोन्ही कागदांनी शांतता आली नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्याच तारखेला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट फोल्के बर्नाडोट यांना ज्यू अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या. तारखा जुळल्या हा योगायोग. पण हे कागद का फसले याचा विचार करताना मराठवाड्याचा अनुभव फार उपयोगी पडतो. समोरच्याशी तडजोड करण्याइतकेच आपल्या बाजूच्या हत्यारबंदांना आवरणे अवघड असते, आणि त्यांनी सांडलेल्या रक्ताचा हिशेब देणे त्याहून अवघड.

‘जैसे थे’ करार खरे तर ऑक्टोबरातच तयार होता. निजामाचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब, कायदेपंडित सर वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद हे तो घेऊन दिल्लीला निघणार होते. २७ ऑक्टोबरच्या पहाटे इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या हजारोंच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला आणि जाणे रद्द झाले. छत्तारींनी पद सोडले, त्यांच्या जागी पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले, नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले आणि जवळपास त्याच मजकुरावर महिन्याभराने सह्या झाल्या. मधल्या काळात एक गोष्ट मात्र राज्यभर कळून चुकली होती. शब्द निजामाचा असला तरी चालणार इत्तेहादचे नेते, लातूरचे वकील कासिम रझवी यांचे. ज्याच्या सहीला त्याचेच लोक जुमानत नाहीत, त्याच्याशी केलेला करार पाळला जाणार कसा? पुढचे दहा महिने रझाकारांनी, म्हणजे रझवींच्या हत्यारबंद स्वयंसेवकांनी, गावोगाव लूट, जाळपोळ आणि खून केले. सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले आणि जानेवारी १९४८ मध्ये या कॅम्पांतल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हुतात्मा बहिर्जी शिंदे याच लढ्यातले. पॅलेस्टाइनच्या बाबतीत हेच पुढे पुन्हा दिसले. १३ सप्टेंबर १९९३ ला वॉशिंग्टनमध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी ओस्लो करारावर हस्तांदोलन केले. पुढच्याच फेब्रुवारीत हेब्रॉनच्या मशिदीत नमाजींवर एका ज्यू वसाहतवाल्याने गोळीबार केला, हमासने बसगाड्यांत बाँब फोडले, आणि १९९५ मध्ये राबिन यांचा जीव घेतला तो एका ज्यू तरुणानेच.

यावर सरळ आक्षेप असा की हैदराबादचा प्रश्न वाटाघाटीने सुटलाच नाही, तो फौजेने सुटला; मग शांततेच्या चर्चेत त्याचा दाखला कशाला? आक्षेप खरा आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून भारतीय फौजा शिरल्या नसत्या तर रझाकार आपणहून थांबले असते असे मानायला काहीही आधार नाही. पण फौजेने राज्य सुटले, वैर सुटले नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात मुसलमानांची कत्तल झाली. तिच्या चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. या समितीने राज्याच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ पाहिले आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि हिंगोलीला लागून असलेला नांदेड. अहवाल छापला गेला नाही. तो अनेक दशके दप्तरातच राहिला.

तरीही मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे युद्ध पेटले नाही. याचे मोठे कारण मला नागरिकत्वात दिसते. काही कुटुंबे पाकिस्तानात गेली, पण बहुसंख्य मुसलमान आपल्याच गावी राहिले आणि १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी शेजाऱ्यांच्या बरोबरीने मतदान केले. उलट १९४८ मध्ये घर सुटलेल्या सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना परतू दिले गेले नाही, आणि इस्रायलमध्ये उरलेल्या अरबांना मताधिकार मिळूनही १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली राहावे लागले. कुणी म्हणेल, तिथे दोन राष्ट्रे एकाच भूमीवर हक्क सांगतात, इथे तसे नव्हते. हा फरक मोठा आहे आणि म्हणूनच इथला तोडगा तिथे जसाच्या तसा लागू होणार नाही. पण हरलेल्याला गावात जागा आणि मताला किंमत दिली की सुडाची धार बोथट होते, एवढे इथे घडून दिसले आहे, आणि तिथल्या कोणत्याही करारात ते यावे लागेल.

राहिला हिशेबाचा भाग, आणि त्यात आपणही कमी पडलो आहोत. दर १७ सप्टेंबरला हिंगोलीत ध्वजारोहण होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ती त्यांचा हक्कच आहे. त्यानंतरच्या आठवड्यांतल्या मृतांचा उल्लेख होत नाही. जुन्या जखमा उकरू नयेत, त्यातून नवी तेढ वाढते, असे समंजस माणसेही म्हणतात. मात्र न बोललेली गोष्ट विसरली जात नाही. ती घराघरांत कुजबुजत राहते, दर पिढीला वाढवून सांगितली जाते आणि निवडणुकीच्या सभेत हवी तशी वापरली जाते. शिवाय सुंदरलाल समितीने फक्त कत्तलीच नोंदवल्या असे नाही. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यापायी स्वतःचे जीव गमावले, पळवलेल्या बायका परत आणायला हिंदूंनी मदत केली, हेही तिने लिहिले. अहवाल दडपताना त्या विणकरांनाही आपण दडपले. तो काळ पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या तालुक्यांत गावनिहाय यादी करायची, रझाकारांनी मारलेल्यांची आणि नंतर मारल्या गेलेल्यांची, एकाच वहीत, तर ती याच काही वर्षांत करावी लागेल.