गोणपाटाची बैठक

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे हे गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे मूळचे तेथील. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले. दापोलीतच गोपाळबाबा वलंगकर या दुसऱ्या निवृत्त सैनिकाने १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली. पलटणीत अक्षरओळख झालेल्या या मंडळींना आपल्या मुलांनी शिकावे असे वाटत होते. पण शाळेत ती मुले बसणार कोठे?

पुढे साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना प्रवेश मिळाला, बैठक मात्र घरून न्यावी लागली, एका गोणपाटाच्या तुकड्याची. संध्याकाळी तो परत घरी आणायचा, कारण झाडलोट करणारा नोकरही त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हजेरीपटावर नाव होते, फळ्यावरची अक्षरे दिसत होती, परीक्षाही देता येत होती. तरी शाळा ‘आपली’ म्हणता येईना.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी एकदा त्यांना फळ्यावर गणित सोडवावयास बोलावले. लगेच वर्गात धावपळ उडाली. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून आधी दूर करण्यात आले! संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन मदत केली, हेही सांगितले पाहिजे. अशी माणसे थोडी असतात, पण विद्यार्थी त्यांच्याच आधारावर टिकतो.

पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी जिल्ह्यातील शाळांत मुलांना एकत्र बसवावे म्हणून पाठपुरावा केला. आम्हां ख्रिस्ती लोकांविषयीची त्यांची मते मला मान्य नाहीत, पण या कामाची नोंद वगळणे अन्यायाचे होईल.

अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच विद्यापीठाच्या गायकवृंदात त्यांना घेतले गेले नव्हते. गळा चांगला होता, अडचण रंगाची होती. मित्रपरिवार त्यांनी बॉस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीत जोडला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. दोघांनाही एकमेकांची शाळा न पाहता कळली असावी.

त्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि १९५० साली औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) जे महाविद्यालय निघाले तेच पुढे ‘मिलिंद’ म्हणून प्रसिद्धीस आले. दुसऱ्याच्या घरात कोपरा मागण्यापेक्षा आपले घर बांधावे, असा तो विचार होता. दलित साहित्याचे कितीतरी लेखक या मिलिंदच्या परिसरात घडले.

आता आपल्या घराकडे वळू. १६२३ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी दक्षिणेतील नवख्रिस्तींना जातीची काही चिन्हे, जानवे आणि शेंडी, राखण्याची मुभा दिली होती. हेतू सुवार्तेचा होता, पण जातही त्या वाटेने मंदिरात आली. भारतीय कॅथॉलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतील भेदभावही मान्य केला. शासनाच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणून जून महिन्यात महाविद्यालयाचा अर्ज घेऊन एखादा मुलगा धर्मगुरूच्या कचेरीत येतो आणि जातीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारतो, “फादर, इथे काय लिहू?” बाप्तिस्म्याचा दाखला मी देऊ शकतो. त्या रकान्यासाठी मात्र माझ्या कपाटात दाखला नाही.