भायखळा तुरुंगातील प्लेगलसपरीक्षण

भायखळा तुरुंगातील प्लेगलसपरीक्षण : मुंबईत प्लेगचा कहर चालू असता, जानेवारी १८९७ च्या अखेरीस, वॉल्डेमार हाफकीन (१८६०–१९३०) या सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाने, लस टोचून घेण्यास आपण होऊन पुढे आलेल्या कैद्यांवर केलेले तौलनिक परीक्षण. नव्या औषधोपचाराची कसोटी निरोगी स्वयंसेवकांवर पाहण्याच्या हिंदुस्थानातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना करावी लागते.

मांडवी भागातील रोग प्लेगच होय, हे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. आकासियो व्हिएगस यांनी केले, आणि लवकरच हाफकीनला मुंबईस पाचारण करण्यात आले. ओडेसा येथे जन्मलेला व पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला हा संशोधक १८९३ पासून या देशात पटकीची लस टोचीत हिंडत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने प्लेगची लस सिद्ध केली. मांसरसावर तुपाचे थेंब सोडले म्हणजे त्यांच्या आधाराने जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. ती हलवून तळाशी पाडावयाची, पुन्हा होऊ द्यावयाची, आणि अखेर जंतू उष्णतेने मारून त्या द्रवात कार्बॉलिक आम्ल मिसळावयाचे, अशी ती कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि तीही इतरांस पुढे दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. शहरातील माणसे घरेदारे सोडून गावाकडे पळत असल्यामुळे तेथे कोणताही हिशेब जमणे दुरापास्त होते. तुरुंगात मात्र अन्न, जागा व देखरेख सर्वांस एकच, हजेरीपट बिनचूक, आणि पळून जाण्यास वाव नाही, अशी संशोधकास हवी तशी सामग्री आयती मिळाली. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली आणि त्यांहून काहीशा अधिकांनी घेतली नाही. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जण आजारी पडले, पण मृत्यू एकही झाला नाही.

आकडे लहान असले तरी त्यांचा परिणाम मोठा झाला. तथापि येथील दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. जो पुढे आला तो एका बाजूस, जो आला नाही तो दुसऱ्या, अशी ती वाटणी होती, आणि पुढे येणारा मनुष्य मुळातच अधिक सशक्त किंवा अधिक सावध असण्याचा संभव नाकारता येत नाही. ही उणीव १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी बरीच भरून काढण्यात आली. तेथे एकेका कुटुंबातील काही माणसांस लस देऊन बाकीच्यांस तसेच ठेवले, म्हणजे एकाच छपराखालची माणसे परस्परांशी ताडून पाहता आली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दाराबाहेर पहारा आणि आत प्लेग अशा स्थितीत कैद्याने दिलेल्या होकारास स्वेच्छा कितपत म्हणावे? पुण्यात त्याच वर्षी प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या अंमलाखाली झालेल्या सक्तीच्या घरझडत्यांशी ताडले, तर भायखळ्यात निदान विचारले तरी गेले, एवढे श्रेय हाफकीनला द्यावेच लागेल. परंतु तेव्हा संमतीचा लेखी दंडक नव्हता, स्वतंत्र नीतिसमितीही नव्हती. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता व १९६४ ची हेलसिंकी घोषणा यांनंतर बंदिवानांची गणना विशेष संरक्षणास पात्र अशा वर्गात होऊ लागली. भारतात २००७ पासून अशा परीक्षणांची सार्वजनिक नोंदवही ठेवली जाते आणि २०१९ च्या नियमांनी माहितीपूर्वक संमती व इजा झाल्यास भरपाई या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत.

भायखळ्याच्या परीक्षणानंतर पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतील लशीने १९ जण धनुर्वाताने मेले व ठपका हाफकीनवर आला. तो १९०७ मध्ये दूर झाला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलविलेल्या त्याच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकीन संस्था हे नाव देण्यात आले.