शास्त्राच्या पानात सापडलेला कागद



श्रुतपंचमीला आमच्या फलटणच्या मंदिरात दरवर्षीप्रमाणे शास्त्रभांडाराचं कपाट उघडलं. जुनी वेष्टनं सोडायची, ग्रंथ सावलीत मोकळे ठेवायचे, कसर लागली असेल तर पिसाने झटकायची आणि नव्या कापडात बांधून परत ठेवायचे, हे काम आम्हा सात-आठ जणींकडे असतं. यंदा माझ्या वाट्याला खालचा कप्पा आला. त्यात रत्नकरंड श्रावकाचाराची एक जुनी मराठी प्रत होती. ती उघडली आणि मधून एक जाड कागद चौघडी होऊन मांडीवर पडला.

मला वाटलं, कुणाचा तरी जुना दस्त असेल. उघडला तर इंग्रजी छापील प्रमाणपत्र. वर ए. आर. पी., मुंबई. खाली असं की अमुक बाईंनी सी वॉर्डातल्या प्रथमोपचार केंद्रात १९४३ ते १९४५ स्वेच्छेने, बिनपगारी सेवा केली, त्याबद्दल सरकार आभारी आहे. निळ्या शाईतली साहेबाची सही, वाचता न येणारी. आणि नाव? मिसेस, मग दोन अक्षरं, मग आडनाव. ती दोन अक्षरं नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या नावाची. बाईचं स्वतःचं नाव कुठेच नाही!

आडनाव तर असं की फलटण, बारामती, नातेपुते, अकलूज, सोलापूर, कुठेही जा, आपल्या समाजात त्याची दहा घरं सापडतील. आमच्यातली एक म्हणाली, "राहू दे, परत ठेव." पण मला ते काही राहू देववेना.

आधी ए. आर. पी. म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यापासून नागरिकांना वाचवण्यासाठी सरकारने हे खातं काढलं होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. मग मुंबईचा धीर सुटला. बायकामुलांना गाड्या भरभरून गावी धाडलं गेलं. फलटणच्या जुन्या घरांत अजून सांगतात की त्या उन्हाळ्यात एकेका वाड्यात चार-चार चुली पेटायच्या. मुंबईत खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या, दिव्यांना काळे कागद, भोंग्यांचा सराव. वॉर्डन रस्त्याने फिरून "दिवा झाका" म्हणून ओरडायचे. प्रथमोपचार केंद्रांत जखमा बांधायचं शिक्षण घेतलेले स्वयंसेवक पाळीपाळीने बसायचे. सी वॉर्ड म्हणजे काळबादेवी, भुलेश्वर हा भाग, आजही त्याच अक्षराखाली येतो. तिथेच सी. पी. टँकला आपली हिराबाग धर्मशाळा. आपल्याकडची किती माणसं पहिल्यांदा मुंबईत उतरली ती तिथेच. म्हणजे बाई आपल्यातली असणार, एवढं तरी नक्की झालं.

खरा धागा मात्र ग्रंथातच होता. पहिल्या कोऱ्या पानावर टाकाने सुंदर बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: दशलक्षण व्रताच्या उद्यापनानिमित्त शास्त्रदान, वीर निर्वाण संवत २४८९, भाद्रपद. पुढे देणारीचं नाव. तिचं स्वतःचं! आणि त्यापुढे नवऱ्याचं. आडनाव तेच, अक्षरं तीच. सरकारने ज्या बाईला मिसेस म्हणून सोडून दिलं होतं, तिने शास्त्रावर मात्र आधी आपलं नाव लिहिलं होतं.

संवताचा हिशेब घातला. भाद्रपद दिवाळीच्या आधी येतो, म्हणून ५२६ वजा करायचे. साल निघालं १९६३. दशलक्षण व्रत दहा वर्षांचं. म्हणजे बाई बरीच वर्षं नेमाने व्रत करत होती आणि उद्यापनाला या मंदिरात आली होती.

पहिला फोन चुकला. सोलापूरच्या एका घरात अक्षरं जुळली, पण त्यांच्या आजेसासूबाई उभ्या आयुष्यात मुंबईला गेल्या नव्हत्या. उलट त्यांनीच मला विचारलं, "पेन्शन वगैरे मिळतं का हो त्या कागदावर?" हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. मग मी सरळ आमच्या गल्लीतल्या नव्वदीच्या काकूंकडे गेले. त्यांना नाव वाचून दाखवलं. डोळे मिटून बसल्या. म्हणाल्या, "अगं, ही तर मुंबईवाली. फटाक्याला भिणारी. हिची लेक पुण्यात दिलीय."

दोन आठवड्यांनी मी पुण्यात त्या लेकीसमोर बसले होते. वय ८८. नाव इथे लिहीत नाही, आईचंही नाही, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. आपण त्यांना मावशी म्हणू. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला नाही, नुसता तळहाताने सपाट करत राहिल्या.

मावशी सात वर्षांच्या होत्या तेव्हाची, १४ एप्रिल १९४४ ची गोष्ट. शुक्रवार. विमानाची भीती होती, पण आलं ते बंदरातूनच. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज इंग्लंडमधून कराचीमार्गे व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. अशा दोन वस्तू एका जहाजात कशा भरल्या, हे मला वाचूनही पटत नाही. आपण घरात रॉकेल आणि काडेपेटी एका फळीवर ठेवत नाही! दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, त्यानंतर अर्ध्या तासाने त्याहून मोठा दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पेटलेला कापूस आकाशातून वस्त्यांवर पडला. मांडवी, मशीद बंदरकडची धान्याची कोठारं जळाली. बंबवाले ६६ गेले. त्यांच्याच स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. मृतांचा एकूण आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो, बेघर झाले ते सुमारे ८०,०००. युद्धामुळे बातमीवर बंदी होती, वर्तमानपत्रांत ती मे महिन्यात आली. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्यातली एक दूरच्या घरात जाऊन पडली आणि घरमालकाने ती परत केली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. केंद्रांत बसलेल्या बायकांची कुणाला नसते.

मावशींच्या घरात फळीवरची भांडी खाली आली, काचा फुटल्या. आई शिवण टाकून उठली, पेटीतून धुतलेली धोतरं काढली, पट्ट्या फाडल्या, बोचकं बांधलं आणि निघाली. सासूबाई म्हणाल्या, "जेवून जा, दिवस मावळेल." ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर परत आली. काळ्या लुगड्यात, मावशी म्हणाल्या, पण लुगडं मुळात काळं नव्हतं. रात्रीभोजनाचा त्याग, त्यामुळे आदल्या दुपारपासून पोटात पाणीसुद्धा नव्हतं. स्नान केलं, दर्शन केलं, दोन घास खाल्ले आणि पुन्हा गेली. असं तीन दिवस.

"मग हा कागद तिने लपवला का?" मी विचारलं.

इथे मावशी थोड्या गप्प झाल्या. घर खादीचं होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकला 'चले जाव'ची हाक झाली आणि पाठोपाठ धाकटे काका तुरुंगात गेले. त्याच घरातली सून पुढच्या वर्षी सरकारी केंद्रात जाऊन बसली. नवऱ्याने अडवलं नाही, पण दिवाणखान्यात त्याचा उल्लेखही होत नसे. काका सुटून आले तेव्हा त्यांनी विचारलं, "माझी धोतरं कुठे गेली?" स्फोटाच्या दिवशी फाडली ती त्यांचीच खादीची धोतरं होती! आई म्हणाली, "जखमांना लागली." काका त्यावर काही बोलले नाहीत. पण १९४५ मध्ये हे प्रमाणपत्र आलं तेव्हा "साहेबाचा कागद" म्हणून हसले. त्यानंतर तो कुणीच पाहिला नाही.

मला काकांचा राग आला होता, खरं सांगते. मग वाटलं, दोन वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसाला ती सही गोड कशी लागावी? आणि तिच्यासमोर जी माणसं आली ती काही साहेबाची नव्हती. गोदीतले हमाल होते, झोपड्यांतल्या बायका होत्या.

मी म्हटलं, "गावात म्हणतात, त्या फटाक्याला भ्यायच्या. घरात कधी फुलबाजीसुद्धा येऊ दिली नाही."

"माझी मुलं समजायची, आजीची अहिंसा." मावशी म्हणाल्या. "ती होतीच गं. पण आवाज झाला की ती आधी माझा दंड धरायची. म्हातारपणीसुद्धा."

ग्रंथ आणि कागद दोन्ही घेऊन जा, असं मी त्यांना सुचवलं. त्यांनी मान हलवली. दिलेलं दान परत घेत नाहीत. कागद कदाचित आई उद्यापनाच्या गडबडीत आत विसरली असेल, असं मी म्हणाले, तर चटकन म्हणाल्या, "आई विसरणारी नव्हती." नातीने कागदाचा फोटो काढून घेतला. तो आता त्यांच्या देवघराजवळच्या भिंतीवर आहे, असं परवा फोनवर कळलं.

मागच्या रविवारी मी ती प्रत पुन्हा बांधली. पांढरं कापड, नवी दोरी. कागद होता त्याच पानात ठेवला. वेष्टनावर ग्रंथाच्या नावाची चिठ्ठी लावायची असते, तिच्या खाली आणखी एक ओळ लिहिली, शास्त्रदान कुणाचं ते. तिचं नाव आधी, नवऱ्याचं नंतर, जसं तिने लिहिलं होतं तसंच.