कुंपण आणि कुलूप

बाटल्यांवर लेबल चिकटवणाऱ्या यंत्रात दोन रूळ एकमेकांच्या दिशेने फिरतात व कागद आत ओढतात. कागदाचा वेग मिनिटाला ३० मीटर धरला, तर तो सेकंदाला ५० सें.मी. सरकतो. बोट सापडल्याचे जाणवून हात मागे घ्यायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात बोट १० सें.मी. आत जाऊ शकते. म्हणजे नुसती सावधगिरी पुरत नाही.

ब्रिटनमधील गिरण्यांनी हा धडा आधी घेतला. १८४४ च्या कायद्याने फिरती चाके व दांडे यांना कुंपण घालणे सक्तीचे केले आणि चालू यंत्रणा मुलांकडून साफ करून घेण्यास मनाई केली. भारतात कुंपणाची अट १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात आली.

पण वाळलेला गोंद खरवडायला, अडकलेला कागद काढायला कुंपण उघडावेच लागते. नेमके तेव्हाच दुसऱ्या कुणी बटण दाबले तर? उपाय साधा आहे. वीज तोडायची, मुख्य स्विचला कुलूप घालायचे आणि किल्ली काम करणाऱ्यानेच खिशात ठेवायची. अमेरिकेत याचा देशव्यापी नियम १९८९ मध्ये जाहीर झाला. १८४४ च्या कुंपणानंतर १४५ वर्षांनी!

वर्गात हे पटवायला एक पट्टी पुरे. तुम्ही ती उभी धरून अचानक सोडा, विद्यार्थ्याने ती चिमटीत पकडायची. पट्टी २० सें.मी. निसटली, की ०.२ सेकंद गेले असे समजावे. चपळ मुलांच्या हातूनही ती निसटतेच.